वय चुकलं तर नफा किती चुकतो? ओटोलिथपासून गॉर्डन-शेफरपर्यंत

खारं पाणी (धागाकर्ता)

तळालगत राहणाऱ्या एका माशाच्या एकाच साठ्यावर (एकत्र वाढणाऱ्या समूहावर) प्रबंधाचा आराखडा करतोय. ओटोलिथवरून (माशाच्या कानातला खडा, त्यावर झाडाच्या खोडासारखी वलयं पडतात) वय काढायचं. वयावरून वाढीचा वक्र आणि नैसर्गिक मृत्युदर, त्यावरून साठ्याचं मॉडेल. शेवटी गॉर्डन-शेफर (साठा, मासेमारीचा प्रयत्न आणि नफा यांना जोडणारं मॉडेल) लावून किती बोट-दिवस फायद्याचे ते सांगायचं. काम जीवशास्त्र, मत्स्यविज्ञान आणि अर्थशास्त्र अशा तीन विभागांत वाटलेलं आहे. प्रत्येकानं मागच्याकडून एक आकडा घ्यायचा आणि पुढे निघायचं, अशी रीत दिसते.

प्रश्न तीन. ओटोलिथ अख्खा वाचायचा की काप घ्यायचे? किती मासे लागतील? आणि खरा प्रश्न हा, की वाचनातली एखाद-दोन वर्षांची चूक अर्थशास्त्रापर्यंत पोचते, की मधल्या सरासऱ्यांत जिरून जाते?

---

चिमटा

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो, बाकीचे दोन इतरांसाठी.

माशाच्या कवटीत ओटोलिथच्या तीन जोड्या असतात: सॅजिटा, लॅपिलस, ॲस्टेरिस्कस. बहुतेक समुद्री माशांत सॅजिटा सगळ्यात मोठा, म्हणून तोच घेतात. कार्प आणि कॅटफिशच्या कुळांत सॅजिटा सुईसारखा बारीक असतो, तिथे लॅपिलस किंवा ॲस्टेरिस्कस घ्यावा लागतो. आधी आपल्या माशाची कवटी उघडून कोणता खडा कुठे बसलाय ते पाहा, मगच नमुने गोळा करायला लागा.

काढायची सोपी रीत म्हणजे डोळ्यांच्या जरा मागे डोक्यावर आडवा काप द्यायचा आणि टोपण उघडावं तसं वर उचलायचं. मेंदूच्या दोन्ही बाजूंना, किंचित खाली, खडे सापडतात. मासा पुढे विकला जाणार असेल आणि डोकं फोडून चालणार नसेल, तर कल्ले बाजूला करून खालून कवटीचा फुगीर भाग उघडायचा. हात बसायला वेळ लागतो, पण मासा बाहेरून अख्खा राहतो.

खडा निघाला की लगेच पाण्यात बोटांनी चोळून वरचा पडदा काढा. पडदा वाळला की चिकटून बसतो आणि मग कडेची वलयं दिसत नाहीत. कोरडा करून कागदी पाकिटात किंवा छोट्या नळीत ठेवा. डावा-उजवा वेगळा नोंदवा, कापायला नेहमी एकाच बाजूचा घ्या.

अख्खा की काप? लहान वयाचे, पातळ खड्याचे मासे असतील तर अख्खा खडा पाण्यात किंवा ग्लिसरीनमध्ये बुडवून, काळ्या पार्श्वभूमीवर, वरून प्रकाश टाकून वाचता येतो. पण मासा म्हातारा झाला की खडा लांबीत वाढायचा जवळजवळ थांबतो आणि फक्त आतल्या बाजूनं जाड होत जातो. नवी वलयं त्या जाडीत दडतात, वरून दिसतच नाहीत. मोठे मासे असतील तर काप हवाच.

कापाची रीत:

खड्याचा गाभा जिथे आहे तिथे पेन्सिलीनं रेघ मारा. साच्यात इपॉक्सीचा पातळ थर ओता, तो अर्धवट घट्ट झाला की त्यावर खडा ठेवा आणि वरून दुसरा थर ओता. एकाच वेळी ओतलं तर खडा तळाला जाऊन साच्याला टेकतो आणि कापताना कड तुटते. रेझिन आणि हार्डनर वजनावर मोजा, अंदाजानं नको. हार्डनर जास्त झालं किंवा एकदम मोठा लगदा कालवला की मिश्रण तापतं, बुडबुडे धरतं. बुडबुडा नेमका गाभ्याजवळ आला की तो खडा गेलाच म्हणायचा. २४ तास तरी हात लावू नका.

हिऱ्याच्या पात्याच्या मंदगती करवतीनं गाभ्यातून आडवे काप घ्या, जाडी ०.३ ते ०.५ मिलीमीटर. एकच काप घेऊ नका. रेघेच्या अलीकडे, रेघेवर आणि पलीकडे असे तीन घ्या, त्यातल्या एकात गाभा मिळतो. काप उष्णतेनं वितळणाऱ्या डिंकानं काचेवर बसवा. आधी ८०० आणि मग १२०० नंबरच्या ओल्या पॉलिश पेपरवर घासा, शेवटी ०.३ मायक्रॉन ॲल्युमिना. दर दहा-बारा फेऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघा. घासण्याच्या भरात गाभा निघून गेला तर पहिलं वर्ष गेलं, आणि ते परत आणता येत नाही.

करवत नसेल तर खडा गाभ्यातून मोडून, मोडलेला पृष्ठभाग स्पिरिटच्या दिव्यावर तपकिरी होईपर्यंत भाजायचा, तेलाचा थेंब लावायचा आणि वरून प्रकाश टाकून वाचायचा. वलयं छान उठून दिसतात. जास्त भाजलं तर राखाडी होऊन भुगा होतो.

---

नवशिका

जुने नमुने फॉर्मलिनमध्ये ठेवलेले आहेत. त्यातले ओटोलिथ चालतील का?

---

चिमटा

बहुधा नाही. ओटोलिथ म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, बहुतेक ॲरागोनाइट रूपात. बफर न केलेलं फॉर्मलिन कालांतरानं आम्लधर्मी होतं आणि खडा विरघळवतं. आधी कड जाते, म्हणजे शेवटची वर्षं. वाचणाऱ्याला वय कमी दिसतं आणि तसं झाल्याचं कळतही नाही, हे जास्त वाईट. इथेनॉलमधले चालतात, पण काढून वाळवून ठेवलेले सर्वात बरे.

---

सांख्यिक

दुसरा प्रश्न: किती मासे.

एकूण आकड्यानं सुरुवात करू नका, लांबीच्या गटांनी करा. १ किंवा २ सेंटीमीटरचा गट धरून प्रत्येक गटात १० मासे. सगळ्यात मोठ्या गटांत मिळतील तितके सगळे, कारण वय आणि मृत्युदर दोन्ही त्या टोकावर ठरतात आणि तिथेच मासे दुर्मीळ असतात. शिवाय पकडीतून यादृच्छिक पद्धतीनं फक्त लांबी मोजलेले पुष्कळ मासे हवेत. वय काढलेले मासे ही चावी, लांबी मोजलेले मासे हे कुलूप.

आता इथली नेहमीची चूक. गटागटानं समान मासे घेतले म्हणजे तुमच्या नमुन्यात मोठे मासे प्रत्यक्षापेक्षा जास्त आले. त्या नमुन्यातून थेट 'तीन वर्षांच्या माशाची सरासरी लांबी' काढली तर ती चुकते, कारण तीन वर्षांतले झपाट्यानं वाढलेले मासे जास्त भरलेत. आधी वय-लांबी तक्ता करायचा (प्रत्येक लांबी-गटात कोणत्या वयाचे किती टक्के), तो यादृच्छिक लांबी-नमुन्याला लावायचा आणि मग सरासरी. किंवा वक्र बसवताना प्रत्येक माशाला त्याच्या गटानुसार भार द्यायचा. एका वर्षाचा तक्ता दुसऱ्या वर्षाच्या लांब्यांना लावू नका. एखादी पिढी भरघोस आली असेल तर तक्ता बदलतो.

लांबी कोणती तेही ठरवा. शेपटीच्या टोकापर्यंतची की शेपटीच्या बेचक्यापर्यंतची? अर्धा अभ्यास एकीत आणि अर्धा दुसरीत झाला तर दुरुस्तीचं समीकरण स्वतंत्र काढावं लागतं. बर्फातला आणि गोठवलेला मासा आखडतो, तोही फरक नोंदवा.

व्हॉन बर्टलॅन्फी वक्र (वयागणिक लांबीचा) बसवताना तीन आकडे येतात: एल-अनंत (वाढ संपते ती सरासरी लांबी), के (त्या लांबीकडे जाण्याचा वेग) आणि टी-शून्य (वक्रानुसार लांबी शून्य असतानाचं काल्पनिक वय). एल-अनंत आणि के एकमेकांना उलटे बांधलेले असतात, एक वर गेला की दुसरा खाली. त्यामुळे दोन अभ्यासांतले नुसते 'के' समोरासमोर ठेवून 'हा साठा जलद वाढतो' असं म्हणू नये. जाळ्याच्या आसातून (भोकांतून) लहान मासे निसटतात, म्हणजे लहान वयातले फक्त मोठे हाती लागतात. वक्राची सुरुवात त्यामुळे उचलली जाते, टी-शून्य उणे दोन-तीन असं विचित्र येतं आणि के कमी येतो. शक्य असेल तर बारीक आसाच्या सर्वेक्षण जाळ्यातले लहान मासे मिळवा. पन्नास पुरतात, पण ते पन्नास लागतात.

एक किरकिर. वाढीच्या वक्रातला के आणि शेफर मॉडेलातला धारणक्षमतेचा (मासेमारी नसताना साठा जिथवर वाढतो त्या आकड्याचा) के यांचा काहीही संबंध नाही. प्रबंधात दोन्हींना एकच अक्षर ठेवलं तर परीक्षक आधी तिथेच अडकतो. एकाचं नाव बदला.

---

भरती-ओहोटी

वरचं सगळं बरोबर, पण एक पायरी सगळेच ओलांडून जातात. वलय दिसलं म्हणजे ते वर्षाचंच, हे कशावरून?

थंड समुद्रात हिवाळ्यात वाढ मंदावते, म्हणून वर्षाला एक पट्टा हे गृहीतक बरंचसं टिकतं. उष्ण पाण्यात पट्टा प्रजननाशी, पावसाळ्याशी किंवा अन्नाच्या टंचाईशी जोडलेला असू शकतो, आणि वर्षाला दोनही पडू शकतात. बीमिश आणि मॅकफार्लेन या मत्स्यशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये प्रकाशित वय-अभ्यास चाळून दाखवलं होतं की पडताळणी करणारे फार थोडे आहेत. तेव्हापासून सुधारणा आहे, पण पुरेशी नाही.

करता येण्यासारख्या गोष्टी:

कडेच्या वाढीचं विश्लेषण. बाराही महिने नमुने घ्या, शेवटच्या वलयापासून कडेपर्यंतचं अंतर मोजा, ते आधीच्या पूर्ण वलयाच्या रुंदीनं भागा. वर्षाला एक वलय असेल तर वर्षभरात एकच खाच दिसते. स्वस्त आहे म्हणून सगळे करतात, पण म्हाताऱ्या माशांत कड इतकी बारीक असते की मोजमापाची चूक खाचेएवढीच होते. म्हणून वयोगट वेगळे करूनच आलेख काढा.

रासायनिक खूण. जिवंत माशाला ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक टोचून (किलोला साधारण २५ ते ५० मिलिग्रॅम) सोडा किंवा टाकीत ठेवा. त्या दिवशीची रेषा अतिनील प्रकाशात पिवळी चमकते. वर्षानं खूण आणि कड यांच्यामध्ये किती वलयं पडली ते मोजा. असे नमुने अंधारात ठेवा, उजेडानं चमक जाते.

अणुचाचण्यांचा कार्बन. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या चाचण्यांमुळे समुद्राच्या पाण्यातला कार्बन-१४ अचानक वाढला. त्या काळात जन्मलेल्या माशाच्या गाभ्यात तो उतरलेला असतो, त्यामुळे जन्मसाल स्वतंत्रपणे तपासता येतं. प्रबंधाला परवडणारं नाही, पण जुन्या ओटोलिथचा संग्रह हाती असेल तर विचार करा.

हे कशासाठी? ऑरेंज रफी हा मासा आधी मध्यम आयुष्याचा समजला गेला होता. कापांवरून वयं शंभरच्या पुढे यायला लागली तेव्हा वाद झाला. १९९१ मध्ये शिसं-२१० आणि रेडियम-२२६ च्या प्रमाणावरून शंभरीला स्वतंत्र दुजोरा मिळाला. तोवर न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात त्याची मोठी मासेमारी सुरू होऊन गेली होती.

---

खारं पाणी

वाचणारे किती हवेत? दोघांचं ८० टक्के जुळलं तर पुरे का?

---

चिमटा

टक्केवारी विसरा. दोन वर्षांच्या माशात एका वर्षाची चूक आणि वीस वर्षांच्या माशात एका वर्षाची चूक टक्केवारीला सारखीच दिसते.

विचरण गुणांक काढा. प्रत्येक माशासाठी वाचनांचं प्रमाण विचलन भागिले त्यांची सरासरी, मग सगळ्या माशांची सरासरी. एकानं ५ म्हटलं, दुसऱ्यानं ६: सरासरी ५.५, विचलन ०.७१, गुणांक १२.९ टक्के. १९ आणि २० असेल तर फक्त ३.६ टक्के. कॅम्पाना यांच्या २००१ च्या आढाव्यानंतर ५ टक्के हा संदर्भ-आकडा सगळे वापरतात. वलयं गचाळ असलेल्या जातीत त्याहून जास्त येतो. तसं असेल तर लिहा, लपवू नका.

त्याहून महत्त्वाचा म्हणजे कलाचा (एकाच दिशेनं होणाऱ्या चुकीचा) आलेख. पहिल्या वाचकाचं वय आडव्या अक्षावर, त्या वयाच्या माशांना दुसऱ्यानं दिलेलं सरासरी वय उभ्या अक्षावर, आणि ४५ अंशांची रेघ. ठिपके रेघेभोवती विखुरले तर ती नुसती अचूकतेची उणीव. दहा वर्षांनंतर ठिपके सातत्यानं रेघेखाली घसरत गेले तर दुसरा वाचक कडेची वलयं सोडतोय, आणि तो कल आहे.

दोन वाचक, प्रत्येकाची दोन वाचनं, मध्ये काही आठवडे, पाकिटांचा क्रम बदलून. वाचकाला माशाची लांबी कळता कामा नये. लांबी दिसली की मन आधीच आकडा ठरवतं. मात्र पकडल्याचा महिना कळला पाहिजे, कारण कड कशी धरायची ते त्यावर ठरतं. उत्तर गोलार्धात जन्मदिवस १ जानेवारी धरायचा संकेत आहे. मार्चमध्ये पकडलेल्या माशाच्या कडेला रुंद पट्टा असेल आणि वलय पुरं झालेलं नसेल, तरी एक वर्ष वाढवायचं. हे दोन्ही वाचकांनी आधी कागदावर लिहून ठेवलं नाही तर अर्धे मतभेद इथेच होतात.

आणि प्रकाश: वरून टाकला तर अपारदर्शक पट्टा पांढरा दिसतो, खालून टाकला तर तोच काळा. एक वाचक वरून आणि दुसरा खालून बघतोय, असं खरोखर होतं.

---

तागडी

तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण धागा खरं तर त्याचाच आहे. पोचते. हिशेब करून दाखवतो, आकडे कल्पित आहेत, फक्त गणितासाठी.

अंगभूत वाढीचा दर आर = ०.४. धारणक्षमता १००० टन. एका बोट-दिवसात साठ्याचा ०.०००१ भाग पकडला जातो (हा क्यू). एका टनाला ५० एकक मिळतात, एका बोट-दिवसाला २ एकक खर्च.

कमाल शाश्वत उत्पादन: ०.४ × १००० ÷ ४ = १०० टन, त्यासाठी २००० बोट-दिवस. उत्पन्न ५०००, खर्च ४०००, नफा १०००.

मुक्त प्रवेश असेल तर नफा संपेपर्यंत बोटी येत राहतात. साठा २ ÷ (५० × ०.०००१) = ४०० टनांवर थांबतो. २४०० बोट-दिवस, ९६ टन, उत्पन्न ४८००, खर्च ४८००.

कमाल आर्थिक उत्पादन: १२०० बोट-दिवस. साठा ७०० टन, पकड ८४ टन, उत्पन्न ४२००, खर्च २४००, नफा १८००. प्रबंधाची शिफारस झाली: १२०० बोट-दिवस.

आता समजा मासा वाटला त्याच्या दुप्पट जगणारा निघाला आणि आर खरा ०.२ आहे. बाकी सगळं तेच. शिफारस १२०० दिवसांचीच पाळली. साठा: १००० × (१ − ०.१२ ÷ ०.२) = ४०० टन. पकड: ०.०००१ × १२०० × ४०० = ४८ टन. उत्पन्न २४००. खर्च २४००.

नफा शून्य, साठा ४०० टन. म्हणजे सर्वात फायदेशीर म्हणून सांगितलेला प्रयत्न नेमका मुक्त प्रवेशाच्या जागी जाऊन बसला. कोणी नियम मोडला नाही, कोणी जास्त बोटी आणल्या नाहीत. खरं उत्तर ६०० दिवस होतं: ४२ टन, नफा ९००.

आर दुपटीनं चुकला की शिफारस केलेला प्रयत्नही दुपटीनं चुकतो, कारण तो आर ÷ क्यू या प्रमाणात जातो. सरासरीत जिरण्याचा प्रश्नच नाही.

---

सांख्यिक

उदाहरण झकास, पण 'दुप्पट जगणारा म्हणजे आर निम्मा' ही उडी मोठी आहे. मधली पायरी लिहायला हवी.

कमाल वयावरून नैसर्गिक मृत्युदर (एम) काढायचं बरंच वापरलं जाणारं एक सूत्र २०१५ मध्ये दोनशेहून अधिक जातींच्या माहितीवरून बसवलेलं आहे: एम = ४.८९९ × (कमाल वय चा घात उणे ०.९१६). कमाल वय १२ वाचलं तर एम ०.५०. २५ वाचलं तर ०.२६. म्हणजे वर्षाला ६१ टक्के मासे जगतात की ७७ टक्के, एवढा फरक. एम निम्मा होतो हे खरं. आर मात्र एम, प्रौढ होण्याचं वय, अंडी आणि पिढीची भरती (साठ्यात येणाऱ्या नव्या माशांची भर) यांतून जीवनसारणीनं (वयागणिक किती जगतात आणि किती अंडी घालतात याच्या तक्त्यानं) काढावा लागतो. बहुतेक माशांत एम कमी तसा आरही कमी, पण निम्म्याला निम्मा असं सूत्र नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते: सगळ्या वय-चुका सारख्या नसतात.

पहिलं वलय सगळ्याच माशांत सुटलं, म्हणजे प्रत्येक वय एकानं कमी. एल-अनंत आणि के तेच राहतात, फक्त टी-शून्य एका वर्षानं सरकतो. पकड-वक्राचा (वयागणिक पकडीतले मासे कसे घटतात त्या आलेखाचा) उतार तोच, म्हणजे एकूण मृत्युदर तोच. कमाल वय २५ चं २४ झालं तर एम ०.२५७ वरून ०.२६७. प्रौढ होण्याचं वय एक वर्षानं चुकतं, जलद वाढणाऱ्या जातीत ते जाणवेल, बाकी फारसं बिघडत नाही.

म्हाताऱ्या माशांच्या कडेची दाटीवाटीची वलयं सुटली तर मात्र सगळं एकाच दिशेनं चुकतं. के फुगतो, मृत्युदर फुगतो, आर फुगतो आणि शिफारस केलेला प्रयत्नही फुगतो. तागडींचं उदाहरण या जातीच्या चुकीचं आहे.

आणि कल नसलेली, दोन्हीकडे एखाद वर्षाची चूक भरघोस पिढी पुसून टाकते. योहान यॉर्ट यांना नॉर्वेच्या हेरिंगमध्ये १९०४ ची पिढी पुढची कित्येक वर्षं पकडीत उठून दिसली, आणि १९१४ च्या कामात त्यांनी त्यावरून सांगितलं की मासेमारीचे चढ-उतार पिढ्यांच्या कमी-जास्त भरतीतून येतात. त्यांनी खवल्यांवरून वय काढलं होतं. वाचन ढिसाळ असतं तर १९०४ ची पिढी १९०३ आणि १९०५ मध्ये सांडून तिन्ही मध्यम दिसल्या असत्या.

म्हणून वेळ आणि पैसा मोजका असेल तर सगळ्या माशांवर समान खर्च करू नका. सर्वात मोठ्या साठ-सत्तर माशांचे काप उत्तम करा आणि तिसऱ्या वाचकाकडे फक्त तेच द्या.

---

नवशिका

मग आर थेट पकडीच्या आकड्यांवरून का काढत नाहीत? वयाची भानगडच नको.

---

सांख्यिक

काढतात. पकड आणि सीपीयूई (एका बोट-दिवसामागची पकड) यांची वर्षानुवर्षांची मालिका शेफर मॉडेलला बसवायची, त्यासाठी आता आरमध्ये (सॉफ्टवेअर, वरचा आर नव्हे, अक्षरांचा दुष्काळच आहे) तयार पॅकेजं आहेत. पण मालिका एकाच दिशेची असेल, म्हणजे प्रयत्न वाढत गेला आणि सीपीयूई उतरत गेली, तर 'मोठा साठा, मंद वाढ' आणि 'लहान साठा, जलद वाढ' ही दोन्ही चित्रं त्या आकड्यांना सारखीच बसतात. साठा एकदा खाली जाऊन पुन्हा वर आलेला असेल तरच दोन्ही वेगळी ओळखता येतात. तशी मालिका नशिबानंच मिळते. नसेल तर आरचा आधीचा अंदाज जीवनसारणीतून घ्यावा लागतो, आणि जीवनसारणी पुन्हा ओटोलिथवर.

---

पाचवी लाट

सीपीयूईवर इतका भरवसा ठेवू नका. दोन कारणं.

एक, बोट तीच राहत नाही. इंजिन, सोनार, जीपीएस, जाळ्याचं कापड, तांडेलाचा अनुभव. कार्यक्षमता वर्षाला फक्त २ टक्के वाढते असं धरलं तरी २० वर्षांनी तोच बोट-दिवस जवळपास दीडपट पकडतो. साठा एक-तृतीयांशानं घटला तरी सीपीयूई सपाट दिसेल. म्हणून बोटीची लांबी, अश्वशक्ती, महिना, क्षेत्र, खोली हे घटक घालून ती प्रमाणित करावी लागते. शून्य पकडीचे दिवस गाळू नका, त्यांच्यासाठी वेगळा टप्पा ठेवा: मासा मिळाला की नाही, आणि मिळाला तर किती.

दोन, मासे थव्यानं राहतात आणि बोटी थव्यापाशीच जातात. साठा आटला तरी थवा दाट राहतो, सीपीयूई चढी राहते. न्यूफाउंडलंडच्या कॉडमध्ये व्यापारी ट्रॉलरांच्या आकड्यांनी साठा होता त्याहून मोठा दाखवला, आणि २ जुलै १९९२ ला कॅनडानं मासेमारी बंदी जाहीर केली. स्वतंत्र सर्वेक्षणाचे आकडे असतील तर ते वेगळे ठेवा. व्यापारी आकड्यांशी जुळत नाहीत म्हणून दोघांची सरासरी काढू नका. न जुळण्यातच माहिती आहे.

---

तागडी

अर्थशास्त्राच्या बाजूनं होणाऱ्या चुकाही लिहून टाकतो, नाहीतर सगळा दोष ओटोलिथवर जाईल.

खर्चाच्या रकान्यात डिझेल, बर्फ, जाळी, दुरुस्ती लिहितात आणि मजुरी विसरतात, कारण पुष्कळ ठिकाणी खलाशांना पगार नसून पकडीत वाटा असतो. वाटा हा पैशांची वाटणी आहे, तो थेट खर्च म्हणून धरला तर पकड वाढली की 'खर्च' वाढतो आणि मॉडेल बिघडतं. तिथे खलाशाला दुसऱ्या कामात जे मिळालं असतं ते धरायचं, म्हणजे वैकल्पिक खर्च. मालक स्वतः बोट चालवत असेल तर त्याच्याही दिवसाची किंमत हवी. बोटीवरचं व्याज आणि घसारा दीर्घकालीन हिशेबात येतात, 'आज समुद्रात जायचं का' या हिशेबात येत नाहीत. कोणता प्रश्न सोडवतोय ते आधी ठरवा.

इंधनावर अनुदान असेल तर बोटवाल्याला दिसणारा खर्च आणि समाजाचा खर्च वेगळे. मुक्त प्रवेशाचा बिंदू पहिल्यानं काढायचा, इष्टतम बिंदू दुसऱ्यानं. दोन्हीकडे एकच आकडा घातलेले प्रबंध पुष्कळ दिसतात.

भाव स्थिर धरतात, पण मोठ्या माशाला किलोमागे जास्त मिळतं. साठा सावरला की सरासरी मासा मोठा होतो, भावही बदलतो. निदान लांबी-गटांनुसार भाव नोंदवा.

आणि वटावाचा दर (उद्याचा पैसा आज दरवर्षी किती टक्के कमी धरायचा तो). पकडायचा खर्च नगण्य धरला तर इष्टतम साठा = धारणक्षमतेचा निम्मा × (१ − वटाव दर ÷ आर). वटाव ५ टक्के, आर ०.४: ४३७.५ टन. आर ०.२: ३७५ टन. वटावाचा दर आरच्या वर गेला तर उत्तर शून्य, म्हणजे मासा संपवून पैसे बँकेत टाका. कॉलिन क्लार्क यांनी १९७३ मध्ये हे स्पष्ट मांडलं. संथ वाढणाऱ्या माशाचं वय नीट वाचलं की आर खाली येतो आणि ही सीमा जवळ येते, म्हणून तिथे नुसत्या नफ्याच्या उत्तरावर थांबता येत नाही, साठ्याची किमान मर्यादा वेगळी घालावी लागते.

---

खारं पाणी

म्हणजे प्रत्येक विभागानं 'एक आकडा' पुढे देणं हीच चूक. अनिश्चितता शेवटपर्यंत न्यायची कशी? प्रत्येक पायरीची मर्यादा (९५ टक्के) काढून पुढच्या पायरीत टोकाचे आकडे घालू का?

---

सांख्यिक

टोकं घालू नका. पाच पायऱ्यांची वाईट टोकं एकत्र आली की असा साठा तयार होतो जो कुठेच नाही. शिवाय एल-अनंत आणि के बांधलेले आहेत; दोघांचं वरचं टोक एकदम येऊच शकत नाही.

एकच सोडत काढा आणि ती शेवटपर्यंत चालवा. प्रत्येक फेरीत: लांबी-गटांमधून मासे पुन्हा उचला (परत टाकून). प्रत्येक माशासाठी उपलब्ध वाचनांपैकी एक यादृच्छिक निवडा. त्याच माशांवर वक्र बसवा, त्यांतूनच कमाल वय घ्या, एम काढा. एमच्या सूत्राला स्वतःची चूक आहे, तीही सोडतीत मिसळा. ती बरीच मोठी असते आणि लोक हमखास विसरतात. त्यावरून आर, मग मॉडेल, मग बोट-दिवस. अशा १००० फेऱ्या. शेवटी बोट-दिवसांचं वितरण मिळतं. ते बहुधा उजवीकडे लांब शेपटीचं असतं, म्हणून सरासरी न सांगता मध्यक आणि खालचा चतुर्थक सांगा.

मग एकेक पायरी गोठवून पुन्हा चालवा. वाचनाची पायरी गोठवल्यावर वितरण किती आवळतं ते पाहिलं की तुमचा तिसरा प्रश्न तुमच्याच माशासाठी सुटतो.

नमुन्यातलं कमाल वय हे नमुन्याच्या आकारावर अवलंबून असतं हेही ध्यानात ठेवा. जास्त मासे, जास्त म्हातारा सापडण्याची शक्यता. आणि जोरात मासेमारी झालेल्या साठ्यात म्हातारे उरलेलेच नसतात. तिथे एम उगाच फुगतो, वाचन कितीही अचूक असलं तरी.

---

तागडी

खालचा चतुर्थक का, हेही एका ओळीत लिहा प्रबंधात. वरच्या उदाहरणात दोन्ही दिशांनी चुकून बघा. आर खरा ०.४ असताना भीतीपोटी ६०० दिवस सांगितले: साठा ८५० टन, पकड ५१ टन, उत्पन्न २५५०, खर्च १२००, नफा १३५०. म्हणजे १८०० पैकी ४५० गेले. उलटी चूक केली तर ९०० पैकी ९०० जातात.

---

खारं पाणी

हे दोन्ही हिशेब तसेच घालतो. शेवटचं विचारतो: त्याच माशांतून डीएनएसाठीही नमुना घ्यायचा आहे, साठा खरंच एक आहे का ते तपासायला. क्रम काय ठेवू?

---

चिमटा

आधी डीएनए, मग ओटोलिथ. कवटी उघडल्यावर हात आणि कात्री दोन्ही बरबटतात.

पराचा अर्धा सेंटीमीटरचा तुकडा, ९५ टक्के इथेनॉलमध्ये, तुकड्याच्या किमान दहापट द्रव. २४ तासांनी इथेनॉल बदला, नाहीतर तुकड्यातल्या पाण्यानं ते पातळ होतं आणि डीएनए तुटतो. दोन माशांच्या मध्ये कात्री पुसून, ज्योतीवर धरून, गार करा. इथेनॉलची बाटली ज्योतीपासून लांब.

क्रमांक एकच: नळीवर, पाकिटावर आणि वहीत तोच. पेन्सिलीनं लिहा, इथेनॉलचा थेंब पडला की बॉलपेन पुसलं जातं. नळीच्या आतही पेन्सिलीनं लिहिलेली कागदाची चिठ्ठी टाका. आणि पाकिटावर लांबी लिहू नका, ती फक्त वहीत. वाचक पाकीटच हातात धरणार आहे.